फीडवर वाचते, म्हणाले होते

बाबा, माझ्या मेलमध्ये हल्ली पाय ठेवायला जागा नाही. कधी ओळख ना पाळख अशी माणसं नावाने हाक मारून आपापली वार्तापत्रं वाचायला लावतात. मागच्या आठवड्यात वैतागून ती सगळी बंद केली आणि पूर्वीसारखं फीड लावलं. आवडते ब्लॉग एकदा जोडून ठेवायचे, नवीन काही आलं की तिथे दिसतं, आपण सवडीने वाचायचं. जुन्या यादीची फाइल सापडली, ती चढवली, तर त्यात तुमचा ब्लॉग निघाला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तो अजून आहे.

निवृत्तीनंतर तुम्ही लोकांचे जुने रेडिओ दुरुस्त करायचात आणि प्रत्येकाची हकिगत ब्लॉगवर लिहायचात. तीच मेलने आम्हा नातेवाइकांना यायची. ऑफिसच्या मेलमध्ये गर्दी नको म्हणून मी यादीतून नाव काढलं. ते तुम्हाला कळतं, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्याच रविवारी तुमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात मी चहा गाळते आहे आणि तुम्ही म्हणता, "आमचा एक वाचक कमी झाला."

"अहो बाबा, मी फीडवर वाचते. तिथे नाव दिसत नाही."

"मग वाचलं हे मला कळणार कसं?"

"नाही कळत."

"छान. वाचणाऱ्याची सोय आणि लिहिणाऱ्याला उपास." मग तुम्ही बशीत चहा ओतलात आणि विषय संपला.

फीडमध्ये शेवटच्या दहा नोंदी आल्या. काल त्या जुनीपासून क्रमाने वाचल्या. 'खरखर रेडिओत नाही, मालकाच्या हातात आहे,' हे वाचून एकटीच हसले आणि तुमची फार आठवण आली. आठव्या नोंदीच्या शेवटी लिहिलंय, 'वाचणाऱ्यांपैकी कोणी या रविवारी घरी येणार असेल, तर येताना बुधवार पेठेतून या रेडिओला बसेल असं बटण आणावं. फोटो वर दिला आहे.' दर रविवारी येणारी मी एकटीच होते. त्या रविवारी मी पेरू आणले. तुम्ही पिशवीत डोकावून "एवढंच?" म्हणालात, आणि चांगल्या पेरूंनाही नावं ठेवतात म्हणून मी आठवडाभर फुगून बसले. नवव्या नोंदीत तुम्ही वायर मागितली आहे. दहावीत काहीच मागितलेलं नाही.

हे सगळं त्या दहाव्या नोंदीखालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत लिहिते आहे. लेखकाने मंजूर केल्यावर प्रतिक्रिया दिसेल, असं खाली म्हटलंय, तेव्हा पाठवत नाही. फीड मी खरंच लावलं होतं, बाबा. उघडत नव्हते.