वेंडेल कुणाला द्यायचा

मी, व्हर्लीन ओडम, वय वर्षे बहात्तर, कै. बफर्ड ओडम यांची पत्नी, एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून आता घरी असलेली, राहणार कॉटर्स फेरी, अल्तामाहा नदीकाठ, जॉर्जिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. स्वादुपिंड ठिकाणावर नाही. डॉक्टर म्हणाले की नाताळ बघाल, पण ते त्यांनी खिडकीकडे बघत सांगितले, म्हणून ही घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट गेले सहा आठवडे मीच गावभर लोकांना भरीस घालत फिरले आणि एकही बधला नाही. ते पुढे येईलच.

बफर्ड हयात असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वेंडेल नव्हता.

हा मजकूर माझ्या वकील मिस पिटमन टंकून घेत आहेत. लहानपणी ही पोर माझ्या हातचे जेवली आहे आणि वाटाणे टेबलाखाली टाकायची. आता, आमच्याकडे थोरल्या बाईला लावतात तसे मिस लावून, मला म्हणते, "मिस व्हर्लीन, कोर्टाला एवढं सगळं नको असतं." मी म्हटले, कोर्टाला नको असेल ते कोर्टाने गाळून वाचावे.

कलम १. घर, ओसरीवरच्या दोन झुलत्या खुर्च्यांसह, माझी मुलगी शेरिल हिला. बँकेत जे उरेल तेही तिलाच. अट एकच, वेंडेल जिवंत आहे तोवर घर विकायचे नाही. शेरिल जॅक्सनव्हिलला असते. फोनवर ही अट ऐकून म्हणाली, "नाही विकत, ममा. पण मी तिथं येऊन राहणार नाही. तो आपला लागतो कोण?" या प्रश्नाला मला अकरा वर्षांत उत्तर सापडलेले नाही, तेव्हा तिच्यावर राग नाही. थोडा आहे.

कलम २. कुत्रा सिरप हा आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर कॉनर यांच्या घरी द्यावा. कुत्र्यासाठी चार घरे तयार झाली होती. दोन घरांत त्यावरून अबोला झाला.

कलम ३. बिडाचे तवे तीन. मोठा शेरिलला. धाकटे दोन माझी मैत्रीण नेल्डा डग्लस हिला द्यायचे होते, पण मिस पिटमन म्हणतात की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि नेल्डाची सही मला हवी आहे. म्हणून मृत्युपत्रान्वये नेल्डाला काहीही मिळणार नाही. नेल्डा, तवे ओट्यावर ठेवलेत, जाताना घेऊन जा. साबण लावू नकोस.

कलम ४. टर्पेंटाइन रोड हा बँड माहीत नाही असा माणूस या कौंटीत नाही, पण कोर्टात कधी बाहेरचे न्यायाधीश येतात, म्हणून लिहिते. चौघे होते. डेल्मार ट्यूटन गायचा, रॉइस क्रॉस्बी गिटार वाजवायचा, हॉयट लाइल्स ड्रम, आणि मागे सावलीत बेस गिटार घेऊन वेंडेल स्ट्रिकलंड. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तंबाखूच्या लिलावाच्या गोदामात मी त्यांना पहिल्यांदा ऐकले. आमच्या नदीचे नाव, आमच्या बापांच्या हातांना येणारा पाइनच्या डिंकाचा वास, हे गाण्यात घालता येते हे तोवर आम्हाला ठाऊकच नव्हते. घरी आले तेव्हा कानात दडे बसले होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. सुखाने.

माझे वेंडेलवर प्रेम होते आणि म्हणून मी त्याला घरात घेतले, असे गावात बोलतात. ते खोटे आहे. मला डेल्मार आवडायचा. वेंडेलकडे त्या वेळी कोणीच बघत नव्हते, मीसुद्धा.

डेल्मार अठ्ठ्याहत्तर साली गेला. नदीत त्याची मोटरबोट पाण्याखालच्या ओंडक्यावर आदळली. रेडिओवर सांगितले तेव्हा मी शाळेत पाव भाजत होते. मी भट्टी बंद केली आणि खाली बसले. त्या दिवशी पोरांना थंड जेवण मिळाले. रॉइस चौऱ्याण्णवला यकृताने गेला, हॉयट दोन हजार अकराला, गळ-दोऱ्याच्या दुकानात रांगेत उभा असताना. तेव्हापासून दर मेच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चाहते नदीकाठच्या मैदानात जमतो. उकडलेल्या शेंगा असतात, तळलेला मासा असतो. भर दुपारी मंचावरून गेलेल्यांची नावे पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला आम्ही सगळे मिळून ओरडतो, "हजर!" हे ज्याने अनुभवले नाही त्याला ते खुळेपणाचे वाटेल. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

कलम ५. वेंडेल. दोन हजार तेराच्या नोव्हेंबरात तो मला पेट्रोल पंपाजवळ बाकावर बसलेला दिसला. बरोबर एक सूटकेस, पायात दोन वेगवेगळे बूट. मी विचारले, "मिस्टर स्ट्रिकलंड, इथं काय करताय?" म्हणाला, "बस येतेय आमची. मेकनला कार्यक्रम आहे." बँडची बस विकून तेव्हा तीस वर्षे झाली होती. मी म्हटले, "बसला उशीर आहे, तोवर जेवून घ्या." तो अजून जेवतोच आहे.

माझे घर त्याला मोटेल वाटते आणि मी मालकीण. रोज सकाळी विचारतो, "मालकीणबाई, खोली किती वाजता सोडायची?" मी सांगते, "आज राहा, पैसे भरलेत." मग खूश होतो. माझे नाव त्याला अकरा वर्षांत एकदाही आलेले नाही. मी सांगते, तो मान डोलावतो, आणि दुपारपर्यंत ते गेलेले असते.

जो कोणी त्याला सांभाळेल त्याने हे पाळावे. मक्याच्या कण्या पातळ कराव्यात, वर लोणी, साखर नाही. बूट घालूनच झोपतो, काढू नयेत, ओढाताण होते. आंघोळीला नकार दिला तर कार्यक्रम आहे म्हणावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे. डेल्मार कुठे आहे असे त्याने विचारले तर तो गेला असे कधीही सांगू नये. मी चर्चला जाणारी बाई, खोटे बोलायचे नाही म्हणून पहिल्या वर्षी मी खरे सांगत होते. त्याला ते दर वेळी नवीन असायचे. एका आठवड्यात डेल्मार त्याच्यासाठी चार वेळा मेला आणि चारही वेळा हा माणूस माझ्या ओसरीवर गुडघ्यांत डोके घालून हमसून हमसून रडला. मला कळायला वेळ लागला, याची मला शरम वाटते. आता मी सांगते, "मागे आवाज जुळवतोय, येईल." देव मला जे काय करायचे ते करो.

कलम ६. टॅल्मज ग्रिनर, बियाणांचे व्यापारी आणि आमच्या चाहता मंडळाचे अध्यक्ष. यांना माझा दोन हजार सोळाच्या मेळाव्याचा टी-शर्ट द्यावा. त्यावर चार नावे आहेत आणि चारही नावांपुढे क्रूस आहे. टॅल्मजने कॉम्प्युटरवर कुठेतरी वाचले की वेंडेल गेला, आणि मला एक फोन न करता शर्ट छापून टाकले. मी वेंडेलला मेळाव्याला घेऊन गेले होते, पुढेच घडीच्या खुर्चीवर बसला होता. टॅल्मजने मंचावरून पुकारले, "वेंडेल स्ट्रिकलंड!" सगळे मैदान ओरडले, "हजर!"

वेंडेल उठला. त्याने टोपी काढून छातीशी धरली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वेंडेल पण गेला? चांगला पोरगा होता. कशानं गेला?"

नंतर लोकांनी ओळखले, गराडा घातला, फोटो काढले. ज्याने त्याने त्याच्या तोंडावर डेल्मारची आठवण काढली, तो गेला तेव्हा आपण कुठे होतो ते सांगितले. घरी येईपर्यंत तो थरथरत होता. शर्ट मात्र सगळे खपले.

टॅल्मज, तो शर्ट चर्चला घालून जा. आणि वेंडेलची बेस गिटार लिलावात घेऊन तू दुकानात काचेच्या कपाटात ठेवली आहेस. मी त्याला ती एकदा हातात दे म्हटले तर तू म्हणालास, "मिस व्हर्लीन, घामानं पॉलिश जातं हो." हे मी विसरलेली नाही, आणि मरतानाही विसरणार नाही, ती वेळ आता फार लांब नाही.

कलम ७. माझ्याकडचा संग्रह म्हणजे पहिल्या तीन वर्षांच्या ध्वनिफिती, गोदामाचे पोस्टर, डेल्मारच्या हातची गाण्याची वही, एकूण अकरा खोकी. हा सगळा, जो वेंडेलला सांभाळेल त्याला. मंडळाला तो फार दिवसांपासून हवा आहे. टॅल्मज स्वतः आला होता, पीकन पाय हा आमच्याकडचा गोड पदार्थ घेऊन.

"संग्रह आम्ही जिवापाड जपू," तो म्हणाला.

"आणि वेंडेलला?"

"त्याच्यासाठी मंडळ मागं नाही हां. तिघांच्या शेजारीच जागा घेतलीये, दगड घडवून झालाय. ग्रॅनाइट! फक्त सालच कोरायचंय."

"टॅल्मज, तो आत आंघोळ करतोय."

"तेच म्हणतोय मी. वेळेत सगळी तयारी आहे."

त्या दगडासाठी सात राज्यांतून वर्गणी आली. दगडाला जागा मिळाली. खाटेला मिळत नाही. मी पीकन पाय ठेवून घेतला आणि टॅल्मजला पाठवून दिले.

कलम ८. मी कोणाकोणाला विचारले ते नोंदवते, मागाहून कोणी म्हणू नये की आम्हाला कळवले असते तर. नेल्डाचे गुडघे गेलेत आणि ती ट्रेलरमध्ये राहते. ती माझा हात धरून रडली. ब्रदर कॉनर म्हणाले की ते प्रार्थना करतील. वेंडेलच्या टेक्सासमधल्या मुलीने पोस्टकार्ड पाठवले, "ते आमच्याकडे तरी कधी राहिले होते?" तिचेही खरेच आहे. मंडळाच्या मासिक पत्रात मी निवेदन दिले. उत्तरे चाळीस आली. सगळ्यांनी आपण त्यांना पहिल्यांदा कुठे ऐकले ते लिहिले होते. सुंदर पत्रे होती, मी सगळी वाचली, दोनदा. त्याला कोणी नेतो म्हणाले नव्हते.

शेवटी मी मिस पिटमनना म्हटले, "सरळ लिहा, वेंडेल अमक्याला देते."

"मिस व्हर्लीन, माणूस मृत्युपत्रात देता येत नाही."

"कुत्रा दिला की मघाशी."

"कुत्रा मालमत्ता असतो."

"मग कुत्र्याचं बरं आहे."

मग मिस पिटमन म्हणाल्या की नाव नसेल तर निर्णय कौंटी घेईल. कौंटीचा वृद्धाश्रम मी पाहिला आहे. तिथे आठला बूट काढून कपाटात ठेवतात आणि विचारले ते खरे खरे सांगतात. मी तिथल्या लोकांना खूप समजावून सांगितले. एका बाईने वहीत लिहूनही घेतले. पण पाळ्या बदलतात, वही कोण वाचतो. माझ्या हातात आता काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहिले नव्हते.

कलम ९. माझ्यामागे श्री. वेंडेल स्ट्रिकलंड यांना स्वतःच्या घरी ठेवून त्यांचा सांभाळ करण्याचे खाली नाव लिहिलेल्या व्यक्तीने मान्य केले आहे. नाव लिहिण्यापुरती जागा कोरी सोडली आहे. सही होईपर्यंत कोणी आले तर घालू, असे ठरले.

येथून पुढचे माझ्या हातचे आहे, टंकलेले नाही.

आज दुपारी तीनपर्यंत कोणी आले नाही. मिस पिटमन, नेल्डा आणि टपालवाले लीमन रोझियर, ज्यांना हा बँड कधीच आवडला नाही, असे आम्ही टेबलाशी बसलो. कागद मधे होता, त्यावर पेन. तेवढ्यात वेंडेल झोपून उठून आला. त्याने टेबल पाहिले, कागद पाहिला, चार माणसे त्याच्याकडे बघताहेत हे पाहिले. आयुष्यभर त्याच्यासमोर कागद-पेन एकाच कारणासाठी आले होते, चाहत्यांना सही देण्यासाठी. त्याने हात पँटला पुसले, खुर्ची ओढली, पेन उचलले आणि अगदी अदबीने म्हणाला, "नाव कुणाचं घालू?"

मिस पिटमन "थांबा, थांबा" करीत उठल्या. नेल्डाने त्यांचा हात धरला.

मी म्हटले, "व्हर्लीनचं."

"व्ह-र्ली-न," असे म्हणत त्याने कोऱ्या जागेत लिहिले. तिथे आता असे आहे: व्हर्लीनसाठी, मनापासून, वेंडेल स्ट्रिकलंड, टर्पेंटाइन रोड.

मिस पिटमन म्हणतात पान नव्याने छापू. मी नको म्हटले. या जागेत लिहायला दुसरे नाव कुणाचेच नाही, आणि कोर्टाला याचा अर्थ लावता आला नाही तर मलाही आलेला नाही. कौंटीला एवढीच विनंती की बूट काढू नका.

पेन खाली ठेवून त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि मला विचारले, "ही व्हर्लीन आली नाही का?"

मी म्हटले, "येतेय. वाटेत आहे."

"मग घाई नाही," तो म्हणाला. "ती येईपर्यंत मी इथंच थांबतो."

सही: व्हर्लीन ओडम

वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत सही केली. कलम ९ मधला मजकूर आमच्यासमोर लिहिला गेला व तो खोडलेला नाही.

साक्षीदार: नेल्डा डग्लस
साक्षीदार: लीमन रोझियर

ठिकाण: ओडम यांचे स्वयंपाकघर, कॉटर्स फेरी, जॉर्जिया
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४