चुकीच्या खोबणीत तपासलेली डिस्क

प्रति,
मा. उपविभागीय पोलीस अधिकारी,
जि. सांगली

विषय : माळशिंगी पोलीस दूरक्षेत्राने ‘मृत’ ठरवून परत केलेली डिस्क पुन्हा जप्त करून योग्य यंत्रावर तपासण्याबाबत व तोपर्यंत तक्रार खोटी असल्याचा अहवाल न्यायालयात न पाठवण्याबाबत.

संदर्भ : माझे दि. ११ मार्च व दि. २ एप्रिल २०२४ चे अर्ज.

महोदय,

१. दि. ६ मार्च रोजी सकाळी माळशिंगी येथील आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एकूण २३ डिस्क होत्या. रुंद चपट्या पट्टीने जोडायच्या जुन्या ९, अरुंद केबलच्या ११ आणि च्युइंगमच्या पट्टीएवढ्या ३. या तीनपैकी दोन पाकिटबंद होत्या. तिसरी दुकानाच्या संगणकात बसवलेली असून कॅमेऱ्याचे चित्रण तिच्यावर साठत होते.

२. त्या दिवशी दुपारी नानासो कणसे व त्यांचे दोन साथीदार दुकानात आले. गावच्या सेवा संस्थेच्या जुन्या संगणकाची डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली आणि ती कोरी करून मागितली. माझे वडील दस्तगीर आत्तार यांनी, संस्थेच्या सचिवांचे पत्र आणा, लगेच करून देतो, असे सांगितले. उत्तरादाखल त्यांना उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायच्या जाड लोखंडी पिनेने मारण्यात आले. त्यांचा खालचा जबडा दोन ठिकाणी आणि उजवा हात तीन ठिकाणी मोडला. डाव्या डोळ्याने त्यांना आता दिसत नाही. जबडा तारेने बांधलेला असल्याने त्यांचा तोंडी जबाब आजतागायत झालेला नाही.

३. कॅमेरा पाहिल्यावर नानासोंनी “डिस्का फोडा रं समद्या” असे म्हटल्याचे समोरच्या गिरणीतल्या बनाबाईंनी ऐकले आहे. त्याप्रमाणे मांडणीवरच्या २० डिस्क त्याच पिनेने फोडण्यात आल्या. सोबत आणलेली संस्थेची डिस्क ते परत घेऊन गेले. तिन्ही बारीक पट्ट्यांना कोणी हात लावला नाही. त्या डिस्क आहेत हे त्यांना ओळखू आले नाही.

४. सायंकाळी पंचनाम्यासाठी आलेल्या हवालदारांनी फुटक्या २० डिस्क पोत्यात भरून नेल्या. चालू संगणकातली पट्टी मी स्वतः दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “आवं ताई, ही काडी कुटं डिस्क आसती व्हय? डिस्क म्हंजी हाताला जड लागती.” त्यांच्याविषयी माझा राग नाही. मारणाऱ्यांचा आणि त्यांचा समज एकच होता, एवढेच नोंदवते.

५. माझ्या ११ मार्चच्या अर्जानंतर ती पट्टी जप्त झाली. दूरक्षेत्राने ती एका खासगी संगणक केंद्राकडे दिली. ‘डिस्क मृत, माहिती नाही’ असा एका ओळीचा शेरा घेऊन ती २८ मार्चला मला परत मिळाली. वडील शिडीवरून पडले आणि पडताना मांडणी अंगावर आली, हे नानासोंचे म्हणणे त्यानंतर ग्राह्य धरले गेले.

६. तो शेरा कसा चुकला, हे आपल्या माहितीसाठी सांगते. पहिल्या पिढीच्या डिस्कला चाळीस पिनांची रुंद चपटी केबल लागते. दुसऱ्या पिढीला, म्हणजे साटाला, सात पिनांची केबल लागते. या दोघींत घोटाळा होणे शक्य नाही, कारण एकीची जोडणी दुसरीत शिरतच नाही. पट्टीच्या आकाराची डिस्क आली तेव्हा मात्र एकाच आकारात दोन जाती निघाल्या. एक जात साटाच्याच पद्धतीने बोलते. दुसरी एनव्हीएमई नावाच्या नव्या पद्धतीने बोलते. सहसा साटा पट्टीला दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. आमची पट्टी एनव्हीएमई असूनही दोन खाचांची आहे. असे थोडे नमुने बाजारात आले होते. केंद्राने खाचा मोजल्या, लेबल वाचले नाही, आणि ती फक्त साटा ओळखणाऱ्या डबीत, म्हणजे डिस्क संगणकाला बाहेरून जोडायच्या जोडयंत्रात, लावली. पट्टी खोबणीत नीट बसली, पण डबीला तिची भाषा समजत नव्हती. कन्नड माणसाला तेलुगूत प्रश्न विचारावा आणि उत्तर आले नाही म्हणून त्याला मृत ठरवावे, तसे हे झाले आहे.

७. हीच गोष्ट मी २ एप्रिलला आकृती काढून लेखी दिली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दि. ९ एप्रिल रोजी मी दुकान बंद करत असताना नानासो आले. “डिस्क बंद पडली न्हवं? आता बाप बी बंद पडंल,” असे म्हणून त्यांनी माझा डावा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि शटर ओढले. मधली दोन बोटे मोडली. त्याची तक्रार ‘किरकोळ अपघात’ म्हणून नोंदवली आहे.

८. अहवाल गुरुवारी, दि. २५ एप्रिलला न्यायालयात जाणार असल्याचे मला तोंडी कळले आहे. तो गेला तर खोटी तक्रार दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होईल आणि वडिलांना मारणारे मोकळे राहतील. म्हणून शिरवळच्या कारखान्यात काम करणारी माझी वर्गमैत्रीण शिवांजली खबाले हिच्याकडून एनव्हीएमई ओळखणारी डबी मागवली. काल, दि. २१ रोजी, तिच्या व निवृत्त सुभेदार जोतीराम शेवाळे यांच्या समक्ष, डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था ठेवून वाचन केले. नंतर डिस्क लाखेने बंद केली. ती या अर्जासोबत आहे.

तरी ही डिस्क आजच ताब्यात घेऊन शासकीय प्रयोगशाळेत पाठवावी, लेबलवरचा प्रकार वाचून मगच यंत्रात लावण्याची लेखी सूचना द्यावी, अहवाल थांबवावा आणि वडील दाखल असलेल्या वॉर्डाबाहेर एक शिपाई नेमावा, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारी, नम्र अर्जदार,
मदिहा दस्तगीर आत्तार
बी.एस्सी. (भौतिकशास्त्र)
माळशिंगी, दि. २२ एप्रिल २०२४

सोबत : (१) लाखबंद डिस्क. (२) वडिलांचे व माझे वैद्यकीय दाखले. (३) दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या. (४) वाचनाचा तक्ता, पंचांच्या सह्यांसह, खालीलप्रमाणे :

डिस्क ओळखली जाण्यास लागलेला वेळ : ४ सेकंद.
दि. ६ मार्चचे चित्रण : सलग, तुटक नाही.
पहिल्या फटक्याच्या वेळी दस्तगीर आत्तार : खुर्चीवर बसलेले.
पहिल्या ते शेवटच्या फटक्यातील अंतर : १ मिनिट १७ सेकंद.
एकूण फटके : १४.
त्यांपैकी ते जमिनीवर पडल्यानंतरचे : ११.