चित्रावरचा हात

सिस्टर,

मागच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मढच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात तुम्ही माझ्या हातून एक पाप घडवलंत. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, ही सबब मी ऐकणार नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी मी नारायणगावहून जीपने तिकडे जाते, चित्रांची इंग्रजी पुस्तकं घेऊन. वर्गात एक मुलगी आहे, भारी बडबडी. एका पानावर शेळी दोरीवरचं लुगडं तोंडात धरून पळते आहे, मागे म्हातारी. खाली एवढंच: द गोट रन्स. पोरीने सुरू केलं, "गोट रन. ओल्ड वूमन अँग्री. गोट नॉट लिसन." कोणी न शिकवलेली, तिची स्वतःची वाक्यं! आणि माझा हात चित्रावर गेला. "बघून सांगू नकोस. वाच."

"मॅडम, झाकू नका ना. शेळी कुठं गेली ते कळंना."

"तुजं वाचन शेळीनं खाल्लं!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

तो हात तुमचा होता. कॉन्व्हेंटात मी आठ वर्षांची असताना तुम्ही प्रत्येक चित्रावर खाकी कागद टाचायचात. एकदा मी कागद उचलून डोकावले, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "चित्रं आळशी मुलींसाठी असतात." त्यानंतर मी कधी डोकावले नाही. वाचायला मात्र शिकले. पुढे ऑफिसातलं प्रत्येक इंग्रजी पत्र माझ्याच टेबलावर यायचं. तुमचे उपकार नाकारता येत नाहीत, तिथेच माझी मान अडकली आहे.

आज गेले, तर ती पोरगी दोन्ही तळवे चित्रावर ठेवून बसलेली. "द गोट रन्स." बिनचूक, सपाट. पुढे एक शब्द नाही.

"लई सुधारली बघा, मॅडम!" गुरुजी खूश.

मी म्हटलं, "हात काढ गं."

"नगं मॅडम. चुकंल."

आता ते तळवे कसे उचलायचे, ते सांगा. मला फक्त झाकायला शिकवलंय. पत्त्यावाचूनच्या पत्राचं काय होतं हे मला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे टाकणार नाही. तरी उत्तर हवं, येत्या मंगळवारी नऊची जीप सुटायच्या आत. आणि लेखीच हवं. तुमचा आवाज ऐकला की मी अजूनही उठून उभी राहीन आणि "यस, सिस्टर" म्हणेन.