दावीदप्पाची जागा

४ जानेवारी, कमठाणा
दावीदप्पा सकाळीच ओट्यावर. मी मास्तर असताना हा शाळेचा शिपाई. आता दोघेही पेन्शनीत. चहा अर्धा झाल्यावर म्हणतो, "गुरुजी, मला पुरायचं कुठं, तेवढं बघायलोय." मला ठसकाच लागला. गडी ठणठणीत आहे. पण खरंच, कुठं? त्याचे भाऊबंद म्हणतात, धरम सोडलास तशी मसणवट्यातली जागा बी सुटली. बिदरचं ख्रिश्चन स्मशान मोठ्या चर्चच्या सभासदांसाठी. ते प्रोटेस्टंट, हाही प्रोटेस्टंटच, पण यांची मंडळी वेगळी. पत्र्याच्या खोलीत चार घरं जमतात.

७ जाने.
बिदरला वकील मित्राला विचारलं. स्मशानाला जागा देणं सरकारचं काम, धर्म कुठलाही असो, म्हणाला. लगेच तहसीलला. कारकून: "मयत कोण?" दा. म्हणाला, "मीच." कारकुनाला हसावं की रडावं कळेना. "मेल्यावर या."
"तवा गुरुजींना एकट्यालाच यावं लागंल. त्यांचे गुडघे दुखायलेत."
अर्ज घेतला!

१२ जाने.
अर्जाची कुजबुज गावभर. लिंगायत पुरतात, मुसलमान पुरतात, आमच्यातही लहान लेकरू गेलं तर पुरतातच. मग यांचंच गावाला का खुपतं? पारावर विचारलं. "आज कबर, उद्या चर्च, गुरुजी." मग एक जण हळूच, "तुमी बी जायलाव काय तिकडं?" फार राग आला. घरी येऊन बायकोवर ओरडलो.

२० जाने.
गेलोच त्यांच्या प्रार्थनेला. बघू तरी. मूर्ती नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. कानडी गाणी, चाल आमच्या भजनाची. दा. डोळे मिटून गातो, बेसूर. शेवटी चहा, नुसता पाक.

२ फेब्रुवारी
मोजणीदार आला. सरकारी जमिनीचा पहिला तुकडा निव्वळ खडक. दुसरा माझ्या बांधाला लागून. हे आधी कुणाच्या डोक्यातच नव्हतं, माझ्याही. दा.नं खडे बाजूला सारले आणि सरळ आडवा झाला. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला.
"असं कामून रे?"
"येसू येईल तवा उठायचं हाय. उठलं की तोंड उगवतीला पायजे." मग पडल्या पडल्याच, "तुमची चिंच दिसायली हितून. बरं हाय."
मोजणीदार म्हणाला, शेजारच्या शेतकऱ्यानं हरकत नाही म्हणून सही दिली तर काम लवकर होईल. नाहीतर किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. शेतकऱ्याचं नाव काय? मी माझं नाव सांगितलं.

३ फेब्रु.
मुलगा महेश बिदरजवळच्या कोळारहून आला, गोदामातली ड्यूटी संपवून. कुणीतरी आधीच कान भरलेले. "अप्पा, सही करू नका. तिथं प्लॉट पाडायचेत आपल्याला. कबरीशेजारी कोण घर बांधंल?"
म्हटलं, अरे, कायदा त्यांच्या बाजूनं आहे.
"मग तुमची सही कामून लागायली?"
पोराला दोन मुली आहेत, त्याचंही चुकलं म्हणवत नाही. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून कायदा सांगणं सोपं होतं.

६ फेब्रु.
दा. ओट्याकडे फिरकलेला नाही. मला अवघड वाटू नये म्हणून येत नाही, हे कळतं, आणि त्याचाच राग येतो. भांडायला तरी यावं.
दुपारी शेतात गेलो. आसपास कुणी नव्हतं. खडे सारलेली जागा तशीच होती. आडवा झालो, पाय पूर्वेला. चिंच दिसते खरी. उठताना गुडघ्यांनी जीव काढला.
उद्या मोजणीदार सहीला येणार. बायको विचारते, पाठीला माती कुठली?