खांडीवर चौघी

सर, या वर्षी माझ्याकडे चार शॉर्टस्टॉप आल्या आणि कॅचर एकही आली नाही. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. जव्हारकडच्या ज्या आश्रमशाळेत मी आता खेळ शिकवते, तिथल्या मुलींचा हा सॉफ्टबॉलचा संघ. मैदान आपल्या जुन्या मैदानासारखंच, एका अंगाला उतरतं, चेंडू सुटला की थेट ओहोळात. आणि या चौघी अशा की चेंडू जमिनीसरशी कितीही जोरात येऊ दे, कमरेत वाकून मातीवरून अलगद उचलतात आणि सरळ होता होताच पहिल्या बेसकडे फेकतात. यातलं मी काहीच शिकवलेलं नाही. तुम्हीच म्हणायचात ना, “तुम्हाला मी काय वाकायला शिकवणार, तुम्ही आवणी करून आलेल्या पोरी.” दिवसच्या दिवस चिखलात भाताची रोपं लावलेल्या मुलींना वाकायचं कसलं कौतुक? मान वर करायला मात्र शिकवावं लागतं, ते मला अजून नीट जमलेलं नाही.

तुम्ही घाटावरचे. पहिल्या दिवशी तुम्ही ‘शॉर्टस्टॉप’ म्हणालात आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. मग तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जाऊन उभे राहिलात, खालच्या खाचराकडे हात केलात आणि विचारलंत, “बांध फुटून पाणी वाहून जातं, त्या जागेला काय म्हणता तुम्ही?” आम्ही एका सुरात ओरडलो, “खांड!” “मग ही आपली खांड. इथून चेंडू गेला की गेला. ही बुजवायला हुशार पोरगी लागते.” झालं! त्या दिवसापासून प्रत्येकीला खांडीवरच उभं राहायचं होतं. शब्द अजून तसाच आहे. मागे एका स्पर्धेत पंचांनी माझ्या मुलीला विचारलं, तू कुठे खेळतेस? ती म्हणाली, खांडीवर. त्या बिचाऱ्यांना वाटलं, हे तिच्या गावाचं नाव.

मला खांडीवरून काढून तुम्ही कॅचर केलंत, तो दिवाळीच्या सुट्टीच्या आदला दिवस. मी रुसून शाळेच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसले आहे, मावशी नागलीच्या भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही दारात येता. मावशी तुमच्या हातात गरम भाकरी ठेवते. तुम्ही मला समजावू लागता, की कॅचर फार मोठी असते, बॅटवालीच्या मागे होम बेसवर, म्हणजे घरावरच ती बसते, बाकी सगळ्या तिच्याकडे तोंड करून उभ्या असतात, घर राखणारी ती एकटीच. तुम्हाला वाटलं असेल, किती छान सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

“सगली आवणीला जात आन् मना घर राखाय ठेवत,” मी म्हणाले. “धाकली बहीण मोठी झाली तवा मना शेतावर जाय भेटला. मी साळंत घर राखाय नाय आले.”

मावशीचा हात परातीतच थांबला. शिक्षकाला असं कोणी उलटून बोलत नसे. तुम्ही भाकरी या हातातून त्या हातात घेतलीत. मग म्हणालात, “चुकलं माझं. हे मला ठाऊक नव्हतं.” मला वाटलं, आता खांड परत मिळणार. पण तुम्ही पुढे म्हणालात, “जागा मात्र तीच राहील. चेंडू येण्याआधी तुला दिसतो, तसा दुसरीला दिसत नाही. रागाव. माझ्यावर खुशाल रागाव. रागावूनच ये, पण सुट्टी संपली की ये.” आणि भाकरी तशीच हातात घेऊन निघून गेलात.

मी यायची नव्हते, सर. बापाने मुकादमाला शब्द दिला होता, आम्ही सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर निघालो होतो. शाळा उघडायच्या दिवशीच खोडाळ्याच्या बाजारात टेम्पो उभा. भांडी चढली, कोंबड्या चढल्या, मीही चढले. तेवढ्यात तुम्ही दिसलात. सुकटवालीपुढे उभे. तुम्ही, ज्यांना डब्यातल्या मासळीच्या वासानेही मळमळायचं! ओंजळीत सुकट घेऊन तुम्ही ती निरखत होता, जणू जन्मभर तेच खात आलात. मला हाक मारली नाहीत. बापाशी एक शब्द बोलला नाहीत. फक्त एकदा वर पाहिलंत आणि पुन्हा सुकटीत तोंड घातलंत. मी माझं बोचकं ओढून खाली उतरले. बाप ओरडला, आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही पुडी बांधून घेतलीत आणि शाळेपर्यंत नाक मुरडत ती मलाच धरायला लावलीत.

या दिवाळीला माझ्या चौघींपैकी एकीला मी कॅचर केलं. चौघींतली तीच सर्वांत चांगली, म्हणून तर. दाभोशाच्या बाजूची आहे, तिच्या घरचेही भट्टीवर जातात. घर राखायचं वगैरे मी बोलले नाही, तेवढं तुमच्याकडून शिकले आहे. तरी ती माझ्याकडे न बघता ट्रंक घेऊन गेली. सुट्टीभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भट्टीवर गेलेली मुलगी शाळेत परत येईलच असं नसतं, हे मी तुम्हाला काय सांगू.

आज शाळा उघडली. सकाळी मी जीप थांबतात तिथे जाऊन उभी राहिले. सुकटीचं सोंग मला चालण्यासारखं नाही, मी ती आवडीने खाते. म्हणून बांगडीवालीपुढे उभी राहिले, आणि मी बांगड्या घालत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे. तिसऱ्या जीपमधून ती उतरली. बांगड्यांकडे बघितलं, माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं.

“बाई, मी रागावलेली हाय.”

“असू दे,” मी म्हणाले. “ट्रंक धरू का?”

“नको.” आणि ती पुढे चालू लागली, शाळेच्या दिशेने.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुम्ही गेलात ती बातमीसुद्धा मला फार उशिरा कळली, तुमच्या गावचा पत्ता कधी माझ्याकडे नव्हताच. पण एक सांगायचं राहिलं. त्या टेम्पोतून का उतरलीस, असं मुली विचारतात, तेव्हा मी सांगते, खेळाच्या वेडाने. खोटं आहे ते, सर. खेळ मला तेव्हा एवढा आवडतही नव्हता. माझी वाट बघत असं कोणी उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.