सर इथं राहत नाहीत

प्रिय मंगल,

तुझ्याविरुद्ध एक तक्रार नोंदवायची आहे. विषय: माझी दुपारची झोप. वीस वर्षं तू ती राखलीस, आणि त्या राखणीपायी आज मी लातुरात, स्वतःच्याच घरात अडकून पडलो आहे. तू गेल्याला दीड वर्ष झालं, एक ओळ लिहिली नाही. तक्रार करायची म्हटल्यावर मात्र बायकोच आठवली.

हसू नकोस. आधी ऐकून घे.

गौरीला आठवा महिना संपत आलाय. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता मस्कतला होणार. मग माहेरानंच विमानात बसून तिच्याकडे जायचं, असं ठरलं. आता माहेर म्हणजे कोण? मी एकटा. तिकीट हैदराबादहून, आजपासून अकराव्या दिवशीचं. व्हिसाचं मी बघतो, फक्त नव्या पासपोर्टचा नंबर पाठवा, असं जावई रोज नम्रपणे सांगतात. त्यांची नम्रता दिवसेंदिवस वाढते आहे, त्याचंच भय वाटतं.

झालं असं, की तिकिटाची बोलणी झाल्यावर मी कपाट उघडलं, तर माझ्या पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली. तुझा मात्र चालू! तुझा दोन वर्षांनी काढला होता ना. ज्याला जायचं त्याचा संपलेला, आणि जिला आता कुठंच जायचं नाही तिचा अजून चांगला वर्षभर खणखणीत. खरं तर तो मी जमा करायला हवा होता. केला नाही. का, ते विचारू नकोस.

लातूरच्या पासपोर्ट केंद्राची तारीख मिळेना, म्हणून नांदेडची घेतली आणि पहाटेच्या एसटीनं गेलो. खिडकीतल्या मुलीनं वैवाहिक स्थिती विचारली. ‘विधुर’ हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेल. स्वतःबद्दल तिथं पहिल्यांदा उच्चारला. तिनं मान वर न करता टाइप केला आणि म्हणाली, बोट ठेवा.

पुढं राहिली होती फक्त पोलीस पडताळणी. मी वाट पाहत बसलो. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. चौथ्या आठवड्यात ठाण्यात गेलो. जमादारानं कागद काढून वाचून दाखवला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजारी चौकशी केली. मी म्हटलं, अहो, बावीस वर्षं त्याच घरात राहतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि निकाल दिला. “सर, तुम्ही असाल हो. पण कागदावर तुम्ही न्हाईत.”

शंकराचार्यांनाही इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

शेजार म्हणजे आपल्या शमीमभाभी. त्या दारात मेथी निवडत होत्या. मी विचारलं, कोणी चौकशीला आलं होतं का? हाव म्हणाल्या, साध्या कपड्यातला एक जण आला होता, भर दुपारी. भाभींनीच त्याला सांगितलं होतं, सर इथं राहत न्हाईत, रेणापूरला गावी असतात.

“असं का सांगितलंत, भाभी?”

“ताईनंच सांगून ठेवलं व्हतं. दुपारी कोणीबी येऊ द्या, हेच सांगायचं. आन बंद कर म्हणून ताईनं कवा सांगितलं न्हाई.”

बारशाला नाव सुचवा म्हणणारे, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासा म्हणणारे, मुलाला दोन मार्क वाढवा म्हणणारे, सगळ्यांना तुम्ही दोघींनी मिळून रेणापूरला पाठवलंत. मला वाटायचं, लोक किती समजूतदार, दुपारी त्रास देत नाहीत. तो पोलीस दारात उभा होता तेव्हा मी आत घोरत असणार. तू गेलीस, तरी तुझा पहारा चालूच होता, मंगल.

पुन्हा अर्ज दिला. पोलीस कधीही येतील, घर सोडू नका, असं सांगितलं गेलं. तेव्हापासून मी दुपारभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. औशाला एक लग्न होतं, तेही बुडवलं. दाढीसुद्धा घरीच, आणि तीही दार उघडं टाकून. शमीमभाभी इतक्या ओशाळल्यात, की आता भाजीवाल्यालाही न विचारता सांगतात, सर हायेत, घरातच हायेत. तुझ्या मऊ झालेल्या साड्यांची दुपटी त्यांनी यजमानांच्या मशीनवर शिवून दिली. बॅग भरलेली आहे. मी तिच्याकडं बघतो, ती माझ्याकडं.

काल जमादार आला! स्वतः. साक्षीदार कोण, म्हणाला. भाभी पदर सावरून पुढं झाल्या.

“मागच्या टायमाला खोटं बोलले व्हते साहेब. आता खरं सांगून राहिले.”

“मग आता खरं कशावरून?”

भाभींनी आत भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बोट केलं. म्हणाल्या, “रोज सकाळी त्यो हार बदलतो माणूस. गावी राहून बदलंल का?”

जमादारानं पेन काढलं. जाताना टोपी हातात घेऊन म्हणाला, चार-सहा दिवस लागतील सर, वरती काय होतं ते आपल्या हातात नाही. म्हणजे अकरातले सहा गेलेच. छपाई, टपाल, व्हिसा उरलेल्या पाचात. मोजून बघ. मी रोज मोजतो.

गौरी झाली तेव्हा तू उदगीरला, आईकडं. मी नांदेडात पेपर तपासत होतो, सोडत नाहीत म्हणत होतो. कुणी अडवलं नव्हतं, मंगल. मी रजा मागितलीच नव्हती. दर वाढदिवसाला तू तिला हसत सांगायचीस, “बाबा तुला तीन दिवसांनी भेटले.” रागावली का नाहीस एकदाही?

म्हणून तुला शब्द देतो. तिकीट हुकलं तर दुसरं काढीन, उशीर झाला तरी जाईन. परत आलो की तुझा पासपोर्ट माझ्या हातानं जमा करीन. आणि भाभींना सांगतो, ताईनं पहारा उठवलाय.

एक मात्र सांगायचं राहिलं. अर्ज अडला हे कळलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. मस्कतला दार उघडल्यावर गौरी आधी माझ्या मागं बघेल. मागं कुणी नसेल. तेव्हा तिला काय म्हणायचं, ते मला येत नाही.

दुपारी जागा असलेला,
तुझा श्रीधर