चरबीला जागा नाही

३ ऑक्टोबर
मी दारू पीत नाही! पीत नाही, पीत नाही! कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहिते.

४ ऑक्टोबर
हॉस्पिटलातच. स्वादुपिंडाला सूज. पोटात कुणी सुरी फिरवावी तसं दुखतंय. तो तरुण डॉक्टर — "ताई, रोज किती घेता?" थेंबही नाही म्हटलं, तर हसला. आणि माझा नवरा, चांग्यू, खाली बघत राहिला. ते जास्त लागलं.
दुपारी सासूबाई पेज घेऊन आल्या. "दुकानात बाटली लपवतेस का गं? सांग, मी रागावणार नाही." पेज परत पाठवली. खायला तशीही बंदीच आहे, पण परत पाठवताना बरं वाटलं!

५ ऑक्टोबर
रक्त काढलं. नळीत दुधासारखा पांढरा थर! नर्स म्हणाली, "एवढ्या सडपातळ तुम्ही, आणि रक्तात एवढी चरबी?"
सडपातळ! दैगूच्या बाजारात माझ्या दुकानात जीन्स घ्यायला येणाऱ्या बायका रोज म्हणतात — असे पाय मिळाले तर आणखी काय हवं! घ्या की. फुगलेल्या शिरांसकट घ्या.

९ ऑक्टोबर
आज मोठ्या डॉक्टर आल्या, प्यो बाई. दारूचं विचारलंच नाही. "पाय दाखव." मांडीला चिमटा काढला — नुसती कातडी हातात आली.
"इथे चरबी साठवायला तुझ्याकडे जागाच नाही. जन्मापासून. मग ती जाणार कुठे? रक्तात फिरते, यकृतात साचते. रक्तातली साखरही त्यानंच वाढली, स्वादुपिंडही त्यानंच सुजलं."
मी रडले नाही. चांग्यूला म्हटलं, "ऐकलंस? आता आईंना फोन लाव. माझ्यासमोर. स्पीकरवर!" लावला.
जाता जाता बाई म्हणाल्या, "हे घराण्यात चालत येतं. तुमच्यात आणखी कुणाला?"
बाबा. चाळिशीत गेले, असंच पोट धरून. सगळे म्हणाले, चोरून प्यायचा.
"त्यांचे पाय?"
बारीक, पिळदार. शिरा तट्ट. मी ते बाईंना सांगितलं आणि मग संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं — बाबांनाही हेच होतं, दारू नव्हे. तिनं लगेच फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर
घरी. तेल बंद, डुकराचं मांस बंद. सासूबाईंनी मुळ्याचं पातळ सार पाठवलं, वर तेलाचा तवंगही नाही. माफी वगैरे काही नाही. मीही 'असू दे' म्हणणार नाही! सार मात्र संपवलं.

२ नोव्हेंबर
बाबांचं श्राद्ध. श्राद्धाला गेलेल्यापुढे दारूचा पेला ठेवायची आमची रीत; पण दारूनं नेलं म्हणून इतकी वर्षं त्यांच्या पानापुढे आम्ही पाणीच ठेवायचो. आज काका 'पाणीच ठेवा' म्हणून ओरडत होते, आणि आईनं बाबांचा पेला दारूनं काठोकाठ भरला.